खाऱ्या परसातली ऋषीची भाजी

चैत्र शुद्ध ९, शके १८११. ठाणे.

बत्तीस वर्षे कलेक्टर कचेरीत दुसऱ्यांचे अर्ज नकलून काढले. आता पेन्शनीत निघालो, तेव्हा स्वतःविषयी चार ओळी लिहायला हरकत नाही. निदान खाली साहेबाची सही तरी लागणार नाही.

घर बांधून झाले. राहायला येऊन महिना होईल. जागा गावाबाहेर, आगगाडीच्या रुळांपलीकडे, कोपरीच्या वाटेवर. पुढे ओटी, मागे ऐसपैस परस, आणि दिवसभर खाडीचा वारा. मला तर सुख वाटते. हिला त्या वाऱ्याला कसला वास येतो ते तिने सांगितले आहे, पण ते इथे लिहीत नाही.

चंद्रभागेची, म्हणजे आमच्या कुटुंबाची, तक्रार येणेप्रमाणे. सव्वीस वर्षे कौपिनेश्वराजवळ भाड्याच्या जागेत काढली. देऊळ हाकेवर, शेजारी गोदूबाईसारखी मैत्रीण, गोदूबाईच्या परसात हवी ती भाजी. इथे काय, तर मिठागरे आणि बगळे. तिने चूल मांडली, देव मांडले, पण तिची स्वतःची पेटी माजघरात बांधलेल्या दोरीसकट तशीच ठेवली आहे. घर हलवताना मी प्रत्येक बोजाला दप्तराच्या तांबड्या फडक्याची चिंधी बांधून तिच्यावर शाईने आकडा घातला होता. पेटी हा बोजा सातवा. आज विचारले, "पेटी कधी सोडणार?"

"ऋषिपंचमीला बघू," ती म्हणाली.

मग तिने खुलासा केला. ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचे काही खात नाहीत. नांगरलेल्या शेतातले तर नाहीच. माणसाने हाताने लावलेली परसातली भाजी तेवढी चालते. सव्वीस वर्षे ती गोदूबाईकडून यायची.

"इथल्या मातीत माठाचं पान तरी निघेल का? निघालं तर राहीन. नाही तर गोदूबाईनं मालकाला सांगून ती जागा दिवाळीपर्यंत धरून ठेवलीय. पंचमी झाली की मी जाईन. इकडून यायचं असेल तर यावं."

हे ती रागाने म्हणाली असती तर मी रागाने उत्तर दिले असते. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

चैत्र वद्य २

परस स्वतः कुदळीने खणले. नांगर नाही, बैल नाही. नियमाचे कलम मी नीट वाचले आहे. माठ आणि भेंडी पेरली. तळहाताला चार फोड आले. ही तेल लावून देताना म्हणाली, "लेखणीचे हात हे." कौतुकाने म्हणाली की कसे, ते कळले नाही.

चैत्र वद्य १३

माठ दोन पानांवर आला आणि तिथेच बसला. पानांच्या कडा करपल्या. सकाळी वाफ्यावर पांढरे पापुद्रे दिसतात. बोटाने उचलून जिभेवर ठेवले, तर मीठ. राखेने माती गोड होते असे कचेरीत कोणीतरी म्हटल्याचे आठवले, म्हणून महिन्याभराची चुलीची राख त्यावर पसरली. तिसऱ्या दिवशी उरलासुरला माठही गेला.

कुंपणापलीकडे आवडाबाई उभी राहून बघत होती. ती कोपरीची आगरीण. नवरा राघो मिठागरावर कामाला, आणि ती स्वतः टोपलीतून मासळी घेऊन गावात विकायला जाते. आम्ही ब्राह्मण, त्यामुळे आमच्या दाराशी तिला थांबण्याचे कारण नाही. तरी आज थांबली.

"राव, हितं माझे सासऱ्याचा मिठागर व्हता," ती म्हणाली. "खाऱ्या मातीन राख घालताव. रोग्याला आनखी रोग."

मी म्हटले, "मग काय करावे म्हणतेस?"

"वाफे गुडघाभर उंच करा. भोवती चर खना. पावसाचे पान्यान मीठ खाली जाव दे. मंग मातीला खाव घाला, पोटभर. उपाशी माती काय देल?"

मागच्या दारातून ही म्हणाली, "अगं, आणि नाहीच काही आलं, तर पंचमीला मी खाऊ काय?"

"मीठ खा, बाय. मिठाला बैल लागत नाय."

ही हसली. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. मला फार बरे वाटले, आणि मग थोडा रागही आला, कारण गेला महिनाभर मी स्वतः बरेच विनोद केले होते.

मिठागरावरच्या बाईने मला भाजीचे शिकवावे ही गंमतच आहे. तथापि वाफे उंच करण्याचे माझ्याही मनात होतेच.

वैशाख शुद्ध ८

वाफे उंच झाले, चर खणले. कंबर गेली. ही निर्गुंडीचा शेक देते आणि वर विचारते, "आज किती वीत?" मी खोटे सांगितले तर तिला कळते, कारण ती परसात जाऊन काठीने मोजून येते. दोन वेळा पकडला गेलो.

वैशाख वद्य २

आज मोठा दिवस. मातीला पोटभर खायला घालायचे तर ते थाटात घालावे, म्हणून नौपाड्याच्या दामाजी गवळ्याकडून कुजलेले शेणखत आणवले. पाच गाड्या. काळेभोर, हातात घेतले की मोकळे होणारे. रूळ ओलांडताना एका गाडीचा तांबडा बैल घसरून गुडघ्यावर आला. सगळ्यांनी चाकाला हात लावला तेव्हा गाडी निघाली.

ही तोवर दारात येऊन उभी राहिली होती.

"किती गाड्या?"

"पाच," मी ऐटीत म्हणालो.

"बैलांना घाम फुटलाय," ती म्हणाली.

फुटणारच, म्हटले, खत ओले आहे, वजन काय कमी असते? तिने आत जाऊन गूळ आणला आणि तांबड्या बैलाला आपल्या हाताने भरवला. स्वभाव फार मायाळू आहे. तिला आणखी काही बोलायचे होते असे वाटले, पण मी गाडीवानाला खत कुठे ओतायचे ते सांगत होतो. मग बघितले तर ती आत गेली होती.

वैशाख वद्य ९

मोरीच्या पलीकडे, जिथे मी काही करणार नव्हतो, तिथे हिने स्वतः खुरप्याने दोन लहान वाफे केले आहेत. सुपाएवढे. भाजीची देठे, सोललेली साले, तांदळाचे धुवण, गळलेला पाला, सगळे तिथे पुरते आणि वर माती लोटते. मी म्हटले, "हा काय उकिरडा मांडला आहेस?" ती म्हणाली, "बायकांचा खेळ आहे. इकडून आपलं चालू द्यावं."

चालू दिले.

ज्येष्ठ शुद्ध ३

आवडाबाई आता रोज येते. गावातून परतताना डोक्यावर टोपली असते, वर केळीचे पान झाकलेले. कुंपणाशी ठेवते. ही वरून पाणी शिंपडून शुद्ध करून घेते आणि मग काठीने आपल्या वाफ्यात लोटून माती ओढते. आज मी ओटीवर होतो तेव्हा दोघींचे बोलणे कानावर आले.

"बैलाच्या गाडीतून नाही ना आणलंस?"

"डोक्यावरशी आनलाय, बाय. मान दुखतं, ती माझी."

"आणि आत काय आहे?"

"खत हाय."

"मग मी विचारत नाही."

"मी पन सांगत नाय."

गाडीचे तिला काय पडले आहे कोण जाणे. बायकांच्या बोलण्यात अर्थ शोधू नये. खताला उग्र वास आहे, खाडीचा गाळ असावा. एक गोष्ट मात्र लक्षात आली. हल्ली आमच्या परसात मांजरे फार जमतात. काल सात मोजली. सगळी तिच्या वाफ्याभोवती बसून असतात, माझ्या पाच गाड्यांकडे एकही ढुंकून बघत नाही. बहुधा तिकडे उंदीर झाले असावेत.

ज्येष्ठ वद्य ११

पाऊस चांगला लागला आहे. चरातून पाणी वाहते. सकाळी ते बोटाने चाखले, खारट. हिला सांगितले तर तिनेही चाखले. मग रोज सकाळी आम्ही दोघे चरापाशी वाकून पाणी चाखतो. आज जवळजवळ गोड लागले. "आज पेरायचं नाही," ती म्हणाली, "अजून एक दिवस." कोणी रस्त्यावरून बघितले असते तर काय म्हटले असते?

खरे सांगायचे तर सकाळी परसात बरे वाटते. ती एक बोलते, मी एक बोलतो. तिच्या माहेरी चौलला विहिरीवर कसली जाई होती, हे मला आज कळले. कचेरीच्या दिवसांत आम्ही सकाळी काय बोलत होतो ते आठवून पाहिले. काही आठवले नाही. "धोतर कुठे आहे" एवढेच आठवते.

आषाढ शुद्ध ६

पेरणी झाली. माझ्याकडे माठ, भेंडी, दुधी. तिच्या सुपाएवढ्या वाफ्यात माठ, चार अळू आणि एक पडवळ. पडवळ वैशाखातच लावला होता म्हणे, तो आता कुंपणाबाहेर डोकावतो आहे.

आषाढ वद्य १

रात्री वारा होता. पडवळाची सुतळी तुटून वेल चिखलात लोळत होता. सकाळी उठून पाहतो तो ही आणि आवडाबाई मिळून मांडव बांधून मोकळ्या झालेल्या. काथ्याची चांगली जाड दोरी, चारी खांबांना घट्ट आवळलेली. एका गाठीला तांबडी चिंधी लोंबते. नजर लागू नये म्हणून असेल. आवडाबाईने बरी दोरी आणून दिली. मिठागरावर असल्या दोऱ्या असतातच.

हिने माजघरातल्या पेटीवर गोधडी घातली आहे. ओल लागू नये म्हणून, असे म्हणाली. पेटीकडे पाहिले की मला तिचे जाणेच आठवते, तेव्हा ती झाकली ते एका परीने बरेच झाले.

श्रावण शुद्ध ७

माझा माठ गुडघ्याला लागला. तांबडा, रसरशीत. भेंडीला फूल आले. दुधीचे वेल कुंपण चढून कोपरीच्या वाटेवर गेले. जाणारे येणारे थांबून बघतात. आवडाबाईसुद्धा म्हणाली, "राव, माती जेवली." खाऱ्या जमिनीत पाच गाड्या खत घालून मी जे केले, ते कचेरीतल्या कोणाच्या हातून झाले नसते.

हिचा माठही आला आहे. पान लहान, पण रंग काळसर तांबडा, दाट. मी तिला उत्तेजन देतो.

श्रावण वद्य ४

आज गोदूबाई गावातून आली. दोघी परसात पडवळाखाली पाट टाकून बराच वेळ बसल्या. मी मुद्दाम तिकडे गेलो नाही. एकदा पाणी प्यायला उठलो तेव्हा गोदूबाईचे शब्द कानावर पडले, "मग मालकाला सांगून टाकू ना?" हिचे उत्तर ऐकू आले नाही.

जाताना गोदूबाईच्या ओटीत माठाची जुडी होती आणि ती डोळे पुसत होती. जुनी मैत्रीण परत शेजारी यायची, म्हणून तिला भरून आले असावे. मला जेवण गेले नाही.

पण माझा माठ आहे. पंचमीला पंधरा दिवसांहून थोडे अधिक राहिले. पान निघाले तर राहीन, असे ती स्वतःच म्हणाली होती. मी ते चैत्र शुद्ध नवमीला लिहून ठेवले आहे, कागद काढून दाखवीन.

भाद्रपद शुद्ध ४

गणपती बसले. आरती झाली. तिसऱ्या प्रहरी उद्याच्यासाठी माझ्या वाफ्यातून सूपभर भाजी काढली. कोवळी भेंडी, एक दुधी, माठाच्या चार जुड्या. धुवून, निवडून, स्वतः नेऊन तिच्यापुढे ठेवली. चेहऱ्यावरची ऐट लपवली नाही. लपवण्यासारखी नव्हतीच.

तिने भाजीकडे पाहिले. भेंडी हातात घेतली, परत ठेवली.

"ही मला उद्या चालायची नाही."

"का?"

"पाच गाड्या होत्या."

"नांगर लावला नाही. एक ढेकूळ बैलाने फोडले नाही. बत्तीस वर्षे कलमे वाचली आहेत मी."

"खत ओढून कोणी आणलं? रुळावर तो तांबडा बैल गुडघ्यावर आला होता. अजून दिसतो मला. त्याचा घाम आहे या भाजीत. इकडून खावी, गावात वाटावी, मी रोज रांधीन. पण उद्या नाही."

मी विचारले, हे त्याच दिवशी का नाही सांगितलेस?

"सांगायलाच आले होते. इकडून गाडीवानाशी बोलणं चाललं होतं. आणि चेहरा इतका खुशीत होता की मला तोंड उघडवेना."

ओटीवर येऊन बसलो आहे. लिहू नये ते लिहितो. मला रडू आले. भाजीसाठी नव्हे, घरासाठीही नव्हे. घर काय, भाड्याने जाईल. ती इथून जाईल आणि उद्यापरवा सकाळी मी त्या चरापाशी एकटा वाकलेला असेन, हे डोळ्यांपुढे आले. तिच्या मागे मीही गावात जाईन म्हणा. पण तिथे परस नाही. तिथे पुन्हा "धोतर कुठे आहे" एवढेच बोलणे होईल.

कागद दाखवला नाही. पान निघाले, पण बैलाचे निघाले.

भाद्रपद शुद्ध ५. ऋषिपंचमी.

ही पहाटेच आघाड्याच्या काड्या घेऊन स्नानाला बसली. मी मनाशी ठरवले की रडतराऊत व्हायचे नाही. जायचेच आहे तर सामान नीट बांधून द्यावे. हमालाला बोलवण्याआधी सातव्या बोजाची दोरी सैल तर झाली नाही ना, ते पाहावे म्हणून माजघरात गेलो आणि पेटीवरची गोधडी काढली.

दोरी नव्हतीच.

झाकण उघडले. लुगडी नाहीत, काही नाही. आत तीन मडकी, त्यांत राखेत कालवून ठेवलेले बी. माठाचे, दुधीचे, आणि एका मडक्यावर फडके बांधून कोळशाने काढलेले पडवळ. पुढच्या वर्षीची बेगमी. लुगडी मग शोधली, ती भिंतीतल्या फडताळात घड्या घालून ठेवलेली होती. फडताळ रोज माझ्या डोळ्यांसमोर असते.

परसात गेलो. मांडवाच्या गाठीला ती तांबडी चिंधी लोंबत होती. हातात धरली. पावसाने फिकी झाली आहे, पण माझ्या हातचा सातचा आकडा अजून वाचता येतो. पावणेदोन महिने मी त्या चिंधीखाली उभा राहून पडवळ मोजत होतो.

ही ओल्या केसांनी मागे येऊन उभी राहिली. हातात टोपली होती. तिने आपल्या वाफ्यातला माठ खुडला, अळूची पाने घेतली, पडवळ कापले.

"पेटी कधी सोडलीस?"

"आषाढात. वेल लोळत होता. घरात धड दोरी ती एकच होती."

"आणि गोदूबाई?"

"तिला सांगितलं, जागा सोडून दे म्हणून. रडली बिचारी."

रागवावे की काय करावे ते मला सुचेना. म्हटले, "मग मला का सांगितलं नाहीस? दोन महिने मी तू जाणार याच धास्तीत फिरतो आहे."

ती पडवळाचे देठ खुडत राहिली. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर इकडून रोज सकाळी परसात येणं झालं असतं? बत्तीस वर्षं सकाळ कचेरीची होती. ही मला पहिल्यांदा मिळाली. मला वाटलं, पंचमीपर्यंत तरी पुरवू."

मी टोपली धरली. उद्या सकाळी येईन, म्हटले. परवाही येईन. तिने मान हलवली, जणू मी भाजीचा भाव सांगितला होता.

भाजी फार उत्तम झाली. तेल नाही, फोडणी नाही, तरी अशी गोडी माझ्या पाच गाड्यांच्या माठाला नाही, हे कबूल करतो. तीनदा घेतली. त्या मूठभर वाफ्यातून एवढी चव कशी आली याचे मला आश्चर्य वाटते. देठे, साले आणि तो खाडीचा गाळ, बाकी तिने काही घातलेले मी पाहिले नाही.

दुपारी आवडाबाई आली. मी तिला स्वच्छ सांगितले की पुढच्या वर्षी माझ्या परसात बैलगाडी येणार नाही. सगळे खत डोक्यावरून येईल, आणि मी स्वतः आणीन. ब्राह्मण असलो तरी मान मजबूत आहे. टोपली कुठून भरायची तेवढे तिने दाखवावे.

आवडाबाईने हिच्याकडे पाहिले. हिने पदर तोंडाला लावला.

"तुमी आना, राव," आवडाबाई म्हणाली. "पन वाटंन समद्या ठान्याच्या मांजरी तुमचे मागं चालतील."

आणि दोघी हसायला लागल्या, त्या थांबेनात. ही तर कुंपणाला धरून खाली बसली. मांजरांचा आणि खताचा काय संबंध, ते उद्या सकाळी परसात तिला विचारीन. आज मीही त्यांच्याबरोबर हसलो.